एकदा पाठवलेला माणूस

तिसऱ्या दिवशी सकाळी झुप्पूने हरमलचं पागोटं अर्धं चावून टाकलं आणि दोन दिवस रडून सुजलेलं अंगण एकदम हसलं.

"भाऊजींना भूक लागली," धनीकाकी म्हणाली. "जिवंतपणी तरी कुठं वेगळं होतं? विचारात पडले की पागोट्याचं टोक दातात."

कुंतीने झुप्पूच्या तोंडातून कापड ओढून काढलं, हात ओच्याला पुसले आणि फाफरच्या पोळीचा तुकडा पुढे केला. अर्धा याक, अर्धा बैल आणि पुरता हट्टी असा तो प्राणी. पाठीवर बाबांचा पांढरा अंगरखा, गळ्यात बाबांची चांदीची डबी, शिंगांना गुंडाळलेलं पागोटं. मेलेल्याला वाटेला लावायचा ग्वन चालू असेपर्यंत हेच बाबा. बायका त्याच्या गळ्यात पडून रडत होत्या, पुरुष त्याला घरची दारू, च्यक्ती, पाजत होते, कुणी जुनं भांडण काढून त्याची माफी मागत होते. आज दुपारी गावचा पुरोहित, अमरीचा, बाबांना वाट सांगणार होता. जिथं शेवटचा श्वास सोडला तिथून, एकेक मुक्काम घेत, गावापर्यंत आणि गावापासून पुढे पूर्वजांपर्यंत. वाट संपली की झुप्पूला शिवेबाहेर सोडायचं. मग तो पुन्हा जनावर आणि बाबा पूर्वजांत.

"खा बाबा," ती म्हणाली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन, "मला सांगितलेलं विसरला नाहीत ना?"

झुप्पूने कान झटकला. बाबाही असंच उत्तर द्यायचे.

तेवढ्यात खालच्या वाटेने अक्रोडाची गोणी पाठीवर घेऊन एक माणूस चढून आला. साठीचा, बुटका, पायांत नेपाळच्या बाजारातले रबरी बूट. अंगणाच्या कडेला थांबून त्याने गोणी उतरवली आणि कुणी काही विचारायच्या आत झुप्पूला वाकून नमस्कार केला.

"मामा," तो झुप्पूला म्हणाला, "भेट व्हायची राहिली होती. आता काय, अशीच."

गच्चीवर ऊन खात बसलेला बाबांचा धाकटा भाऊ, गगनकाका, उठला. सत्तरी झाली तरी पलटणीतली ताठ मान तशीच होती. गावातला दगडही त्याच्यासमोर रांगेत उभा राहायचा, असं कुंतीचा भाऊ जमन म्हणायचा. अर्थात काका जवळपास नसताना.

"याला कोणी बोलावलं?"

"मी," कुंती म्हणाली.

"कोण आहे हा?"

"तुम्हाला ठाऊक आहे, काका."

"मी विचारलं, कोण आहे."

"मी नरमू," तो माणूस स्वतःच म्हणाला. "काली नदीच्या पलीकडचा. डुंगलिङचा. माझ्या आईचा बाप या घरात जन्मला होता. तेवढंच."

अंगणातलं हसू विझलं.

*

चुलीच्या उजव्या अंगाला: गगनकाका. त्याच्यामागे गावची म्हातारी मंडळी. त्यांच्या शेजारी जमन, कुंतीचा धाकटा भाऊ, मान खाली.

चुलीच्या डाव्या अंगाला: कुंती.

मध्ये: धनीकाकी, कारण चहाचं भांडं मध्ये होतं.

भिंतीला टेकून, डोळे मिटून: चंद्रू अमरीचा. झोपलाय की ऐकतोय, हे चौऱ्याऐंशी वर्षांत कुणाला कळलं नव्हतं.

दाराबाहेर: नरमू आणि झुप्पू.

*

"आत बोलवा त्याला," कुंती म्हणाली.

"बाहेर ऊन आहे. छान ऊन आहे," गगनकाका म्हणाला. "तुझं काय म्हणणं आहे ते आधी सांग. सगळ्यांसमोर सांग. गेले सहा महिने कानाकानात चाललंय ते एकदा मोठ्यानं होऊ दे."

कुंतीने पिशवीतून तीन कागद काढले. अलमोड्याच्या दप्तरखान्यातून आणलेल्या छायाप्रती. गावाच्या जमातीच्या दाखल्यासाठी जुने पुरावे हवेत म्हणून मास्तरीणबाईंना, म्हणजे तिलाच, धाडलं होतं गावानेच; तिथल्या कारकुनाने धूळ झटकून एक गठ्ठा पुढे ढकलला आणि वर लिहिलेलं होतं, रतनू, मौजे ग्यांती. हेच गाव, आणि रतनू म्हणजे आजोबांचा थोरला भाऊ, रतनू बूबू.

"बाबांची वाट धारचुल्याच्या इस्पितळापासून सुरू होईल," ती म्हणाली. "पुलापर्यंत येईल. पुलावर त्यांना थांबवायचं. पलीकडून रतनू बूबूची वाट यायची, डुंगलिङपासून. मग दोघांना एकत्र वर आणायचं. एकाच झुप्पूवर. बाबांनी हेच सांगितलंय."

"रतनूचा ग्वन झालाय," मागून एक म्हातारा म्हणाला. "माझ्या बापाने जेवण जेवलंय त्याचं."

"सत्त्याऐंशी वर्षं झाली," गगनकाका म्हणाला. "तिबेटातल्या ताक्लाकोटपासून वाट सांगितली. अंगरखा घातला, झुप्पू सोडला, मेलेला परत येऊ नये म्हणून शिवेवर काटे टाकले. माणूस एकदा पाठवला की पाठवला. दुसऱ्यांदा पाठवायला तो काय टपालातलं पाकीट आहे?"

कुणीतरी हसलं.

"पाठवला तेव्हा तो जिवंत होता, काका."

"असं तू म्हणतेस."

"असं तो म्हणतो." तिने कागद वर धरले. "तीनदा म्हणतो."

*

ग्यांतीत सांगतात ते असं: रतनू बूबू इंग्रजांच्या मोजणीवाल्यांबरोबर लिपूची खिंड ओलांडून तिबेटात गेला. वेश यात्रेकरूचा, काम पावलं मोजायचं. साहेबाने त्याला दोरीला बांधून चालायला शिकवलं होतं, चढावर असो की उतारावर, पाऊल एकाच लांबीचं पडलं पाहिजे. दोन वर्षांनी ताक्लाकोटच्या बाजारात लोकरवाल्याने निरोप दिला, तुमचा माणूस पकडला गेला, कोठडीत मेला. मग धाकटा भाऊ पदम याने ग्वन केला आणि रिवाजाप्रमाणे वहिनीला, सुनपतीला, बायको म्हणून घरात ठेवून घेतलं. तीन वर्षांनी शिवेवर काहीतरी आलं. रतनूचा चेहरा घालून आलं होतं. काट्यांच्या पलीकडे उभं राहून हाका मारत होतं. लोकांनी दारं लावली. दोन दिवसांनी ते गेलं.

डुंगलिङमध्ये सांगतात ते असं: रतनू बूबू कोठडीतून सुटला आणि मोजत मोजत घरी आला. शिवेवर काटे होते. त्याने हाक मारली. भाऊ आला, वीस पावलांवर थांबला, रडला आणि म्हणाला, दादा, आम्ही तुला पाठवलंय, आता मी काय करू? म्हाताऱ्यांनी परीक्षा घेतली. सावली पडते का पाहिलं, पडत होती. खायला टाकलं, खाल्लं. नावं विचारली, सगळी सांगितली. तेव्हा एक म्हातारा म्हणाला, पाहा, किती हुशार आहे हे. आणि दारं लागली.

दोन्हीकडच्या गोष्टीत काटे आहेत. काटे कुणीच नाकारत नाही.

*

"वाच," अमरीचा म्हणाला. डोळे मिटलेलेच.

कुंतीने पहिला कागद वाचला. सन १९१२. अर्जनवीसाची भाषा घोळदार होती, पण मधूनमधून त्यातून माणूस बोलत होता.

"'हुजूर, मी ग्यांतीचा रतनू. सरकारच्या मोजणीत पाच वर्षे चाललो. मला तिबेटाने मारले नाही, गावाने मारले. मी जेवतो, मला थंडी वाजते, मला सर्व नावे पाठ आहेत. हुजुरांनी गावाला हुकूम द्यावा की काटे काढा.'"

"आणि हुजूर काय म्हणाले?" धनीकाकीने विचारलं. चहा ओतायचा तिचा हात थांबला होता.

"समासात लिहिलंय. 'रयतेच्या धर्मकृत्यांत सरकार हात घालत नाही.'"

"बरोबर लिहिलंय साहेबाने," गगनकाका म्हणाला. "साहेबाला जे कळलं ते माझ्या पुतणीला कळत नाही."

"हात घालत नाही?" कुंतीचा आवाज चढला. शाळेत मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज. "त्याच सरकारने त्याची जपमाळ उसवून एकशे आठचे शंभर मणी केले होते, काका. हिशेबाला सोपं जावं म्हणून. शंभर पावलांना एक मणी. त्याच्या प्रार्थनेच्या चक्रातले मंत्र काढून आत कोरे कागद भरले होते. तेव्हा धर्मात हात नव्हता घातला? कोपरापर्यंत घातला होता. हवा तेव्हा घातला, नको तेव्हा काढून घेतला. आणि आपण? आपण त्या साहेबाच्याच बाजूला जाऊन बसलो."

बाहेरून नरमूचा आवाज आला. "दुसरा वाच ताई. त्यात गंमत आहे."

दुसरा अर्ज १९१९ चा. त्यात विनंती जवळजवळ नव्हतीच. नुसती मोजणी होती. डुंगलिङच्या झोपडीपासून पुलापर्यंत इतकी पावलं, पुलापासून शिवेवरच्या काट्यांपर्यंत इतकी. आणि शेवटी: "'काट्यांपासून माझ्या दारापर्यंत अकराशे बारा. ही पावले मी परत आल्यावर चाललो नाही. परंतु आकडा बरोबर आहे. हुजुरांनी माणूस पाठवून मोजून घ्यावा.'"

"माणूस पाठवला का?"

"नाही. मी मोजली. मागच्या महिन्यात."

"मग?"

"माझं पाऊल त्याच्यापेक्षा आखूड आहे, काकी. माझी तेराशे भरली. पण मी ती चालले."

*

गगनकाकाने तिला धान्याच्या खोलीत बोलावलं. दार ओढून घेतलं. तिथं मडव्याच्या कणग्यांमध्ये दोघं इतकी जवळ उभी होती की काकाच्या श्वासातली च्यक्ती तिला कळत होती.

"तुला काय वाटतं, मला काही माहीत नाही?"

तिने हातातल्या कागदांची घडी केली.

"मी चार-पाच वर्षांचा असेन. दरवर्षी थंडीसाठी गाव खाली उतरायच्या आदल्या दिवशी आई एक पोळी करायची. जाड, तूप लावलेली. शिवेवरच्या दगडावर ठेवून यायची. कावळ्यांसाठी म्हणायची. एकदा मी मागोमाग गेलो आणि खाल्ली. आईने मला मारलं. तिनं कधी हात लावला नव्हता मला. त्या दिवशी मारता मारता स्वतःच खाली बसली." त्याने कणगीवर हात ठेवला. "कावळ्यासाठी कोणी असं मारत नाही. तेवढं तेव्हाही कळलं मला."

"मग तुम्ही—"

"मग मी काय? पुढं ऐक. रतनू जिवंत होता हे आज तिथं चुलीपुढं ठरलं, तर माझी आई कोण होती? नवरा जिवंत असताना दिराच्या घरात राहिलेली. आणि हरमल कोण? मी कोण? पन्नास वर्षं या गावात मान ताठ ठेवून चाललोय मी. लढाईत गोळी लागली तेव्हाही वाकलो नाही. आणि तू शाळेतली बाई कागद फडकावत येतेस नि माझ्या आईला चव्हाट्यावर बसवतेस."

कुंतीला एवढं अपेक्षित नव्हतं. तिने काकाला रिवाजाचा, हट्टाचा, मोठेपणाचा माणूस मानलं होतं. तो आपल्या आईला झाकायला हात आडवे करून उभा आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आजी काही बोलली होती कधी?"

"मरताना म्हणाली, दगडावर बघून ये. तेव्हा तो मरून वीस वर्षं झाली असतील."

"काका, आजीला तिच्या अपराधासाठी नाही, आपल्या सगळ्यांच्या अपराधासाठी पोळी ठेवावी लागली. चूक गावाने केली. लाज मात्र तिनं एकटीनं वाहिली. आता तुम्ही वाहताय. तुमच्यानंतर जमननं वाहायची का?"

"गावात लाज विचारून वाटून देत नाहीत, पोरी."

"मग विचारायला लावू या."

"तुझं काय जातंय? तू सासरी गेलेली. तुझी चूल वेगळी. लोक मला बोलतील."

"हो, तुम्हाला बोलतील," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्यांच्याकडे त्या पलटणीतल्या डोळ्यांनी बघाल आणि ते गप्प बसतील. आजीसाठी एवढं करा. आजवर तुम्ही ते डोळे आमच्यासाठीच राखून ठेवलेत."

क्षणभर तिला वाटलं, हलला. मग त्याने दार उघडलं.

"हरमल असं काही बोलला नाही," तो बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाला. "दादा इस्पितळात तापाने बरळत होता. हिने एकटीने ऐकलं. एकटीने ऐकलेल्या गोष्टीवर ग्वन होत नसतो."

*

आता इथे जमन.

जमनचं म्हणणं थोडक्यात असं की त्याचं काहीच म्हणणं नाही. पुढच्या महिन्यात ग्रामप्रधानाची निवडणूक. उजव्या अंगाला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या घरांत चाळीस मतं. पण बाबांच्या वाटेवर प्रत्येक मुक्कामाला 'पोचलो' म्हणायचं ते मुलानं, म्हणजे त्यानंच. त्याला ओलांडून काही होणार नव्हतं.

"जमन," कुंती म्हणाली, "इकडे बघ."

"ताई, नंतर बोलू."

"नंतर बाबा नाहीत. बाबा आत्ता बाहेर उभे आहेत, अक्रोड खातायत. मी त्यांना इस्पितळात अर्ज वाचून दाखवले, तेव्हा तिसरा त्यांनी परत वाचायला लावला. आणि काय म्हणाले?"

"मला काय माहीत?"

"तू दारात उभा होतास. हातात मोसंबीची पिशवी होती. मी तुला काचेत पाहिलं, जमन. तू आत आला नाहीस. पिशवी बाहेरच्या बाकड्यावर ठेवून निघून गेलास."

जमनने काकाकडे पाहिलं. काकाने त्याच्याकडे. म्हाताऱ्यांनी दोघांकडे.

"तिसरा काय होता?" अमरीचाने विचारलं.

कुंतीने कागदाकडे बघितलंही नाही. "१९२९. 'हुजूर, आता मी गावात येण्याची परवानगी मागत नाही. मी म्हातारा झालो. एवढेच लिहून ठेवावे की माझी वाट ताक्लाकोटपासून सांगितली ती चुकीची आहे. तिथून कोणीही निघाले नाही. माझी वाट डुंगलिङपासून सुरू होते. कधी कोणी विचारील तर सांगावे.'"

बाहेर नरमूने नाक शिंकरलं.

"सदुसष्ट वर्षं," कुंती म्हणाली, "कोणी विचारलं नाही. बाबांनी विचारलं. हं, जमन? काय म्हणाले?"

जमनच्या कपाळावर घाम आला होता. चुलीपासून तो बराच लांब होता.

"म्हणाले..." त्याने घसा खाकरला. "म्हणाले, माझ्याबरोबर घ्या त्याला. एकटा येऊ देऊ नका."

"जमन!" गगनकाका.

"ऐकलं मी, काका. ऐकलं तर ऐकलं. आता मतं गेली तर गेली." आणि तो उठला, वाटेत धनीकाकीच्या भांड्याला पाय लागून चहा सांडला आणि तो चुलीच्या डाव्या अंगाला येऊन बसला.

"घ्या," धनीकाकी म्हणाली. "एकानं धर्म सांडला, एकानं चहा." तिने भांडं उचललं आणि पुसायचं फडकं आणायच्या निमित्ताने तीही डावीकडेच बसली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पलीकडच्याला आत घ्या कुणीतरी. माणूस आलाय, अक्रोड आणलेत, आपण त्याला ढोराशेजारी उभं केलंय."

*

चुलीच्या उजव्या अंगाला: गगनकाका. सात म्हाताऱ्यांपैकी पाच. दोघं लघवीच्या निमित्ताने उठले ते परतले नव्हते.

चुलीच्या डाव्या अंगाला: कुंती, जमन, धनीकाकी आणि उंबऱ्यापाशी अवघडून बसलेला नरमू.

मध्ये: ओली जमीन.

*

"भांडून झालं असेल तर मी बोलतो," चंद्रू अमरीचाने डोळे उघडले. एक पांढरा, एक काळा. "सूर्य त्या सुळक्यामागे जायच्या आत झुप्पू शिवेबाहेर पाहिजे. तुमची भांडणं सूर्याला सांगता येत नाहीत."

"तुम्हीच सांगा अमरीचा," गगनकाका म्हणाला. "एका माणसाला दोनदा वाट सांगता येते?"

"नाही."

काकाने कुंतीकडे पाहिलं.

"पण," म्हातारा म्हणाला, "माझ्या गुरूच्या गुरूनं रतनूची वाट सांगितली होती. तो मरेपर्यंत म्हणायचा, त्या दिवशी मुक्काम घेताना आवाज रिकामा येत होता. रिकाम्या घागरीवर मारल्यासारखा. मागे कोणी चालत नव्हतं. तो हे पदमला बोलला नाही. आम्ही वाट सांगणारे. घरं मोडणं आमचं काम नाही." त्याने च्यक्तीचा घोट घेतला. "तेव्हा दोनदाचा प्रश्नच नाही. एकदाही झालेलं नाही."

"हे तुम्ही आज सांगताय?"

"आज विचारलंत."

गगनकाका खाली बसला. नीट न बघता बसला, त्यामुळे पोत्यावर बसला.

"पण माझी अडचण वेगळीच आहे," अमरीचा म्हणाला. "डुंगलिङहून इकडची वाट मला येत नाही. कुणालाच येत नाही. तिथून आजवर कोणी पाठवलेलं नाही. मी न पाहिलेली जागा सांगू शकतो, गुरूनं दिली असेल तर. पण कोणीच न दिलेलं नाव मी तोंडाला येईल तसं घेतलं तर मेलेला मधेच लटकतो. त्यापेक्षा तो पलीकडे आहे तो बरा."

"मी देते नावं," कुंती म्हणाली.

"बाई वाट देत नाही," म्हाताऱ्यांपैकी एक.

"मग तुम्ही द्या. चाललाय कधी?"

त्याने पागोटं सारखं केलं.

"मी चाललेय. नरमूदादाबरोबर, दोन दिवस. जागोजाग थांबले, बसले, पाणी प्याले. लिहून घेतलं नाही, पाठ केलंय. अमरीचा, तुम्हाला पाठ केलेलं लागतं ना?"

"लागतं," म्हातारा म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा काळा डोळा तिच्यावर नीट स्थिरावला. "चुकलीस तर मी थांबणार. दुसऱ्यांदा विचारणार नाही."

*

धारचुल्याहून ऊठ. चादर इथेच राहू दे.

"पोचलो," जमन म्हणाला.

तवाघाटला दोन नद्या भेटतात. उजवीकडची धर.

"पोचलो."

मालपाचा कडा. हात भिंतीला. खाली बघू नकोस.

"पोचलो."

असं करत अमरीचाने हरमलला बूधीपर्यंत आणलं, फुलांच्या पठारावर चढवलं, पलीकडे उतरवलं. अंगणात सगळे उभे होते. झुप्पू आश्चर्य वाटावं इतका शांत होता. मग पूल आला आणि अमरीचाचा आवाज थांबला. इथे तो ग्यांतीच्या सातशे ग्वनांत कधी थांबला नसेल.

"हरमल, कठड्याला टेक," तो म्हणाला. "थोरला येतोय." मग मान वळवून, "दे."

कुंती एक पाऊल पुढे आली.

"डुंगलिङ," ती म्हणाली. "अक्रोडाखालची झोपडी. दाराचं तोंड पश्चिमेला. मुद्दाम."

अमरीचाने तसंच उचललं, त्याच सुरात, जणू त्याला हजार वर्षं ठाऊक होतं. अक्रोडाखालून ऊठ. पश्चिमेकडे बघणं पुरे झालं.

"पोचला," नरमू म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"शेवाळाचा झरा. ओंजळीत मावतं तेवढंच पाणी."

"पोचला."

"खेचरांची घसरण. इथं बसून उतरावं लागतं."

"पोचला." या वेळी जमनही.

"घारीचा दगड. इथून ग्यांतीचा धूर दिसतो."

म्हाताऱ्यांतली एक बाई एकदम मोठ्याने रडली. तिथून धूर दिसतो हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं त्याला दिसत होता.

"पूल."

अमरीचाने दोघांना पुलावर भेटवलं. काका-पुतणे, एकमेकांना कधी न पाहिलेले. तिथून जुनी वाट होती, त्याची स्वतःची. तो भराभरा चढला. गरब्यांगची कमान, पाणचक्की, गवताचं रान. "पोचलो," जमन. "पोचला," नरमू. मग शीव.

"हा मुक्काम माझ्या वाटेत नाही," अमरीचा म्हणाला. "इथे कोणी थांबत नाही. सरळ दारात जायचं."

"तो थांबला," कुंती म्हणाली. "दरवर्षी थांबला. हा मुक्काम घाला."

"नाव?"

तिला नाव सुचलं नाही. तिथं नुसता दगड होता. ती थांबली तसा अमरीचाही थांबला आणि त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. सुळक्याची सावली अंगणाच्या कडेवर आली होती.

"सुनपतीचा दगड," धनीकाकी म्हणाली.

गगनकाकाची मान वळली. धनीकाकीने त्याच्याकडे बघितलं नाही. सासूने मरताना दगडाकडे धाडलं होतं ते काकाला नव्हे, सुनेला, हे कुंतीला तेव्हा कळलं.

सुनपतीच्या दगडावर बस, रतनू. हात पुसून घे. पोळी आहे.

"पोचला," अंगण म्हणालं. कोण कोण म्हणालं ते मोजता आलं नाही.

"आता दार," अमरीचा म्हणाला. "हरमलला अडवणारं कुणी नाही, तो इस्पितळात गेला तो याच दारातून. पण थोरल्यासाठी दार लागलं होतं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं 'ये' म्हणायचं. म्हटलं तर आत घेतो. नाही म्हटलं तर दगडावर परत."

सगळे गगनकाकाकडे बघू लागले. तो उभा होता, ताठ, हात मांड्यांना चिकटलेले. ओठ हलले. त्याला म्हणायचं होतं असं कुंतीला वाटलं, आजही वाटतं. पण सत्तर वर्षं घट्ट मिटलेलं तोंड एका दुपारी उघडत नाही.

"माझ्याच्यानं होणार नाही," तो म्हणाला.

सावली झुप्पूच्या खुरांपाशी आली.

"ये," कुंती म्हणाली.

हळू नाही. गच्चीवरून खालच्या शेतातल्या माणसाला जेवायला हाक मारावी, तशी.

"ये बूबू. दार उघडं आहे."

"हिचा अधिकार काय?" गगनकाका ओरडला. "ही दुसऱ्या चुलीची! अमरीचा, विचारा तिला, कोणत्या नात्यानं—"

अमरीचाने च्यक्तीचा उरलेला घोट संपवला, पेला उपडा ठेवला आणि दोघांनाही बरोबर घेऊन दार ओलांडल्यावरच्या पुढच्या मुक्कामाचं नाव घेतलं.